दुधाच्या दाढेची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते गुरुजी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. म्हणून मी विषयही त्या वयाच्या मुलांचाच घेतला आहे. दात वेडेवाकडे का येतात, दातावर दात का चढतात, समोरचे दात ओठांबाहेर का येतात, हा तो विषय. तो केवळ दिसण्याचा आहे असे समजून आपण वर्षानुवर्षे बाजूला ठेवतो आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तो एकदम आठवतो. बघण्याचा कार्यक्रम होतो, पाहुण्यांकडून निरोप येत नाही, मध्यस्थ हळूच सांगतो की पोरगी गुणाची आहे, पण दात समोर आहेत. मग आईवडील तिला घेऊन माझ्या दातांच्या दवाखान्यात येतात. वैशाखात लग्न काढायचे आहे, तोवर दात मागे घेऊन द्या, म्हणतात. तार लावून दात हाडातून सरकवत न्यायला दीड-दोन वर्षे लागतात, हे ऐकले की त्या घरावर जी कळा येते ती मी पुष्कळदा पाहिली आहे. त्या मुलीच्या तोंडात जे घडायचे ते ती दुसरी-तिसरीत असताना घडून गेलेले असते, आणि त्या वेळी कुणी तिच्या तोंडात डोकावलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: दातांची रांग नशिबाने ठरत नाही, आणि केवळ आईबापांकडूनही येत नाही. तिचा बराचसा निकाल सहा ते बारा या वयात, अगदी साध्या गोष्टींवर लागतो. नाक मोकळे आहे का, बोट तोंडात जाते का, आणि दुधाच्या दाढा शाबूत आहेत का, या त्या गोष्टी.

दातांविषयी आपल्याकडे समजुती फार. बाळाला वरचे दात आधी आले तर मामाला वाईट. पडलेला दात कौलांवर फेकायचा. रिकाम्या जागेला जीभ लावली तर नवा दात वाकडा येतो. पहिल्या दोन गोष्टींना काही आधार नाही. तिसरी ज्या कुणी बाईने प्रथम सांगितली तिने मात्र काहीतरी नीट पाहिले होते. अधूनमधून जीभ लागल्याने काही बिघडत नाही, पण तासन्‌तास टेकून राहणारी जीभ दाताला खरोखरच ढकलते. त्याकडे मी येतोच.

आधी जरा मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते. ते बार्ली पिकवत, गुरे पाळत, आणि दगावलेली लेकरे दोन मडक्यांत, मडक्याच्या तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. त्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. माणूस गेल्यावर त्याच्या देहातले सगळ्यांत जास्त टिकते ते दात. तो लहानपणी केव्हा उपाशी राहिला, केव्हा आजारी पडला, काय चावत होता, हे सगळे त्यांवर उमटलेले असते.

जुन्या काळच्या माणसाचा जबडा पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती म्हणजे झीज. भरड धान्य, दगडावर दळलेले पीठ, त्यात मिसळलेली दगडाची कच. दात वरून झिजत, तसेच एकमेकांना घासून बाजूंनीही झिजत. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर रेमंड बेग यांनी तिथल्या आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून १९५४ साली मांडले की या बाजूच्या झिजेमुळे एका जबड्यात सुमारे सेंटिमीटरभर जागा मोकळी होते. आपले दात असे झिजत नाहीत, म्हणून ते मावत नाहीत. पुढच्या अभ्यासकांनी हेच एकमेव कारण म्हणून मान्य केले नाही, आणि ते बरोबरच होते. पण जबड्याला काम मिळाले नाही तर तो पुरेसा वाढत नाही, हे बेग यांच्यानंतर अनेक अंगांनी दिसून आले. हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या पिलांवर अमेरिकेत प्रयोग झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. काही पिलांना शिजवलेले मऊ अन्न दिले, काहींना कच्चे आणि वाळलेले. मऊ अन्नावर वाढलेल्या पिलांच्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे दहा टक्के कमी भरली. रॉबर्ट कॉरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर पंजाबातली खेडी आणि चंदीगड शहर यांतल्या तरुणांचे दात तपासले. माणसे एकाच मुलखातली, पण शहरात वाढलेल्यांच्या दातांत बिघाड जास्त निघाला. वंश एकाएकी बदलत नाही. बदलली ती राहणी.

पण हे सगळे आपल्या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्याला जसेच्या तसे लागू होते का? आपण भात खाणारी माणसे. वैनगंगेच्या काठचा, तलावांचा, धानाचा हा मुलूख, आणि शिजलेला भात पूर्वीही मऊच होता. म्हणजे मऊ अन्न ही काही इथे काल आलेली गोष्ट नाही. मला वाटते, फरक ताटातल्या जेवणात पडला नाही तितका ताटाबाहेरच्या खाण्यात पडला. पूर्वी लेकरू दिवसभर काही ना काही चावत असे. बोरं, टेंभरं, चारं, हिरवी कैरी, तलावातले शिंगाडे, भाजलेले चणे, ऊस, चुलीवर भाजलेली सुकी मासोळी. आता सकाळी चहात बुडवलेला टोस्ट, दुपारी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, संध्याकाळी तोंडात टाकताच विरघळणारे कुरकुरीत पाकीट. जबड्याचे काम गेले, आणि त्याच वेळी दाढांच्या खाचांत चिकटून राहणारी साखर आली. माझ्या अनुभवात यातले दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे.

आनुवंशिकतेचे थोडक्यात सांगतो. 'बापाचे दात मोठे, आईचा जबडा लहान, म्हणून पोराचे दात मावेनात', हे वाक्य डॉक्टरही सर्रास म्हणतात. त्यामागे चार्ल्स स्टॉकर्ड यांचे प्रयोग आहेत. त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचा संकर केला, तेव्हा पिलांचे जबडे आणि दात विचित्र निघाले. पण कुत्र्यांच्या काही जातींत खुजेपणाचा जो गुण असतो तो माणसांत तसा नसतो, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला लावता येत नाही. जबड्याची ठेवण घराण्यात उतरते, हे खरे. खालचा जबडा पुढे असणे तर निश्चित उतरते. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजांची चित्रे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. काहींना जन्मतःच एखादा दात कमी असतो. काहींच्या पटाशीच्या दातांमध्ये एक जादा, सुळक्यासारखा दात असतो. तेही जन्माचेच. पण एकाच आईबापांच्या दोन भावांत एकाचे दात सरळ आणि एकाचे चढलेले असले, तर त्या दोघांचे बालपण दाताच्या दृष्टीने कसे गेले ते आधी विचारावे.

आता जीभ, ओठ आणि गाल. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंवर तो टांगलेला असतो, आणि हाड त्याच्याभोवती सतत झिजत आणि भरत असते. घास चावताना दातावर प्रचंड जोर येतो, पण तो क्षणभराचा असतो. त्याने दात जागचा हलत नाही. उलट अगदी हलका दाब, पण दिवसाचे सहा-सहा तास राहणारा, दाताला निश्चित सरकवतो. आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल यांचा असा हलका दाब सदैव असतो, आणि त्या दोन्हींच्या मधे दातांची कमान आकार घेते. तोंड मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली, श्वास नाकाने, अशी स्थिती असली की वरचा जबडा रुंद वाढतो.

नाक चोंदलेले असले की हे सगळे फिरते. नाकाच्या मागे, घशाच्या वर, लहान मुलांत एक गाठ असते; तिला ॲडेनॉइड म्हणतात. तीन ते सात या वयात ती सर्वांत मोठी असते आणि पुढे आपोआप आक्रसते. सतत सर्दी, चुलीचा धूर, धानाच्या कोंड्याची धूळ यांनी नाक बंद राहिले की मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. तोंड उघडे म्हणून जीभ खाली पडते. आतून आधार गेला, बाहेरून गालांचा दाब तसाच राहिला, की वरची कमान अरुंद होते, टाळू खोल जाते, समोरचे दात पुढे सरकतात आणि वरचा ओठ त्यांच्यावर पुरा येईनासा होतो. एगिल हार्व्होल्ड यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडांच्या नाकपुड्या बंद करून हेच पाहिले. निरोगी माकडांचे दात बिघडले, आणि प्रत्येक माकडाने तोंडाने श्वास घ्यायची जी रीत धरली त्याप्रमाणे बिघाडही निराळा निघाला. रात्री घोरणारे, उशी ओली करणारे, वर्गात तोंड उघडे ठेवून बसणारे मूल दिसले तर त्याला आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे न्या. 'तोंड मिट' असे ओरडून काही होत नाही, कारण ते तोंड श्वासासाठी उघडलेले असते.

अंगठा चोखण्याबद्दल मात्र घरे विनाकारण घाबरतात. तीन-चार वर्षांपर्यंत ते स्वाभाविक आहे. कायमचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली तर पुढे आलेले दात बहुतेक वेळा आपोआप मागे बसतात. त्यानंतरही रात्ररात्र अंगठा तोंडात असेल तर तो वरचे दात बाहेर आणि खालचे आत ढकलतो, आणि मधे फट पडते. अंगठ्याला कडुलिंबाचा पाला, कारल्याचा रस, मिरची लावणारी घरे मी पाहिली आहेत. मिरचीचे बोट डोळ्यात गेले की लेकराचे काय होते, हे ती लावणाऱ्याने एकदा स्वतःच्या डोळ्यावर करून पाहावे. रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीवर जाते, मूल दिवसभर आजीपाशी किंवा भावंडापाशी असते, आणि अंगठा हाच त्याचा आधार असतो. तो सोडवायचा तर दुसरा आधार द्यावा लागतो.

आता मूळ मुद्दा. दुधाचे दात वीस. त्यांत प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, दोन-दोन दाढा. या दाढांच्या जागी पुढे कायमच्या उपदाढा येतात, त्या दहाव्या ते बाराव्या वर्षी. म्हणजे दुधाची दाढ दहा वर्षे टिकायला हवी. ती चावते हे तिचे काम आहेच; पण एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाप्रमाणे ती जागा धरूनही बसलेली असते. शिवाय ती तिच्या जागी येणाऱ्या दातापेक्षा थोडी रुंद असते. खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून अशी सरासरी ३.४ मिलिमीटर, वरच्यात १.८ मिलिमीटर जागा शिल्लक राहते. आकडे लहान वाटतात. पण पटाशीचा एक दात किंचित आडवा व्हायला दोन मिलिमीटर पुरतात.

सहाव्या वर्षी या दाढांच्या मागे, कुणाच्या लक्षात न येता, एक मोठी दाढ उगवते. तिच्या जागचा दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतच नाही की कायमचा दात आला. हीच ती सहा वर्षांची दाढ. ती सतत पुढे यायला पाहते, आणि पुढची दुधाची दाढ तिला अडवून धरते. आता ती दुधाची दाढ किडली. पोर रात्रभर रडले, गाल सुजला. आईबाप त्याला घेऊन येतात आणि म्हणतात, 'दुधाचीच हाय ना जी, काढून टाका.' कुणीतरी ती काढून देते. दुखणे थांबते, सगळे खूश. काही महिन्यांत मागची मोठी दाढ पुढे झुकते, सरकते आणि रिकामी जागा गिळते. चार वर्षांनी खालून उपदाढ येते तेव्हा तिला जागा नसते. ती जिभेच्या बाजूला निघते किंवा हाडातच अडकून राहते. वर सुळा सगळ्यांत शेवटी, मूल अकरा-बारा वर्षांचे असताना येतो, आणि त्याला जागा न मिळाल्याने तो हिरडीवर उंच, ओठाला टेकून बाहेर येतो. लोक म्हणतात, दातावर दात आला. खरे तर चार वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेचा तो हिशेब असतो.

लाखांदूरकडची एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. दिवा आत धरला. उजव्या बाजूची दुधाची दुसरी दाढ निम्मी कुजलेली, तपकिरी, मधे बिस्किटाचा चोथा अडकलेला. पण मुळे घट्ट. आत पू झालेला नव्हता. नस साफ करून, औषध भरून, वर स्टीलची टोपी बसवली. ती दाढ वाचली. डाव्या बाजूची दाढ मात्र वर्षभरापूर्वीच काढलेली होती, आणि तिथे मागची दाढ झुकून निम्मी जागा खाऊन बसली होती. एकाच तोंडात दोन्ही गोष्टी होत्या. आईला आरसा धरून दाखवल्यावर मला आणखी काही सांगावे लागले नाही. दाढ काढणे अटळच असेल तर तिच्या जागी तारेची एक साधी कडी बसवता येते. ती जागा धरून ठेवते. तार लावून दात सरळ करण्यापेक्षा ही फारच स्वस्त आणि सोपी गोष्ट आहे.

याच वयातली एक उलट गोष्टही सांगतो, कारण तिच्यापायी घरे उगाच काळजी करतात. आठ ते अकरा या वयात वरच्या समोरच्या दातांत फट असते आणि ते पंख्यासारखे बाहेर झुकलेले दिसतात. सुळे उतरले की बहुतेक मुलांत ते आपोआप जवळ येतात. त्या वयात घाई करून तार लावायला जाऊ नये. दुधाच्या दातांत फटी असणे तर चांगलेच. दुधाचे दात अगदी चिकटून, नीटनेटके बसलेले असतील तर पुढे मोठे दात येताना अडचण होण्याची शक्यता जास्त.

पूर्व विदर्भात एक कारण असे आहे की ज्याकडे पुण्या-मुंबईचा दातांचा डॉक्टर चटकन पाहणार नाही. सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, आणि तेव्हापासून आपल्या भागातली किती घरे या आजाराशी झुंजत आहेत ते इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर मोडतात, म्हणून शरीर त्या भराभर बनवू पाहते. हाडांतला मगज वाढतो, आणि काही रुग्णांत वरच्या जबड्याचे हाड फुगून समोरचे दात बाहेर येतात. हे फक्त आजारी रुग्णांत, म्हणजे एसएस असलेल्यांत होते. एएस वाहकांत नाही, आणि सगळ्या रुग्णांतही नाही. अशा मुलाला शाळेत 'दात्या' म्हणून चिडवतात. त्याच्या दातांवर उपचार करता येतात, पण रक्ताच्या डॉक्टरशी बोलून, दाब हलका ठेवून, दात काढायचा असेल तर संसर्ग होणार नाही याची पुरती दक्षता घेऊन. समोरचे दात पुढे असलेले, वारंवार सांधे दुखणारे, डोळे पिवळे दिसणारे मूल दिसले तर दाताआधी त्याची सिकलसेल तपासणी करा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ साली सुरू झाली आहे, आणि ही तपासणी आता गावपातळीवर होऊ शकते.

मोठ्या माणसांचे एकच सांगतो. चाळिशीत समोरच्या दातांत फटी पडू लागल्या, दात पंख्यासारखे पसरू लागले, तर ते हिरडीखालचे हाड गेल्याचे लक्षण आहे. अशा तोंडांत मला तंबाखू आणि खर्रा फार वेळा सापडतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर घोटून मिळतोच. त्यातल्या सुपारीने तोंड उघडेनासे होते, ती गोष्ट वेगळी आणि कितीतरी जास्त भयंकर. अक्कलदाढेने समोरचे दात वाकडे होतात, अशी समजूत घेऊनही पुष्कळ तरुण येतात. अक्कलदाढ मुळातच नसलेल्यांचेही खालचे दात विशीनंतर थोडे दाटतात. तेवढ्यासाठी चांगली अक्कलदाढ काढू नये.

वरचे दात फार पुढे असणे हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. पडल्या-धडपडल्यावर असे दात तुटण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. सायकलवरून, झाडावरून, तलावाच्या पायऱ्यांवर पडलेली मुले जेव्हा समोरचा दात अर्धा तोडून येतात, तेव्हा पडण्याइतकाच दोष त्या दाताच्या जागेचाही असतो.

उपाय कुठून सुरू करायचा? यंत्रणा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. पण पन्नास मुलांची रांग, एक टॉर्च आणि पुढच्या गावी जायची घाई यांत किडलेला दात दिसतो; अकाली गेलेली दाढ, उघडे तोंड, अरुंद टाळू हे दिसत नाही. मला वाटते, दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी वेगळा दिवस हवा, आणि त्या दिवशी दातांचा डॉक्टर सोबत हवा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकलेली मंडळी जिल्ह्यात आहेत, तुमसर-साकोलीलाही दवाखाने आहेत. माणसे आहेत, त्यांना त्या वर्गापर्यंत पोचवायचे आहे. मी माझ्या वतीने वर्षातले काही शनिवार द्यायला तयार आहे, आणि माझ्या चार सहकाऱ्यांनीही तसे कबूल केले आहे.

समोर बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. पहिलीच्या मुलाला खिडकीजवळ उभे करून तोंड उघडायला लावा. पुढून मोजत गेलात तर पाच दुधाचे दात, आणि त्यांच्या मागे सहावी, सगळ्यांत मोठी, खाचाखाचांची दाढ दिसेल. कदाचित अजून अर्धी हिरडीत असेल. तिच्या खाचांत काळे दिसले, किंवा तिच्या पुढची जागा रिकामी दिसली, तर त्या मुलाचे नाव लिहून ठेवा आणि आईबापांना त्याच आठवड्यात कळवा. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांनी मुलांना सोबत आणले आहे त्यांनी त्यांना पुढे घेऊन यावे. टॉर्च आणि आरसे मी आणले आहेत. ही दाढ कशी ओळखायची ते तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतो.